शिळा उजेड

हवेतल्या ओलीचं आणि माझं जन्माचं वाकडं आहे. एक तर मी महाडची. म्हणजे चार महिने उशी ओली, काडेपेटी ओली, मिठाच्या बरणीत पाणी आणि चपलांवर बुरशी. त्यात पोटापाण्याला धंदा निवडला तोही असा, की ओल लागली की काम बाद. माझ्या प्रयोगशाळेत हवा कोरडी करणारं यंत्र सारखं घरघरत असतं. पावसाळ्यात त्याची बादली भरते, मी ती बेसिनमध्ये रिकामी करते आणि मनात म्हणते, घ्या, महाड इथेही माझ्यामागे आलं.

परवा ती बादली ओतत असतानाच कोणीतरी बातमी वाचून दाखवली : कशेडी घाटात दरड आली. आता तिथे बोगदा झालाय, रस्ता रुंद झालाय, पण डोंगर काही आपली खोड सोडत नाही. ही बातमी दर पावसाळ्यात येते आणि दर वेळी मला एकदम डिझेल, भिजलेला दोरखंड आणि करपलेली साखर असा वास येतो. हे तीन वास एका जागी मी आयुष्यात एकाच पावसाळ्यात घेतले. त्या पावसाळ्यात घाट बंद होता आणि आमच्या घरात एकच गोष्ट ठरायची होती : घाट सुटल्यावर अब्बांनी गाडी काढायची की नाही. गंमत अशी, की ती कोणीच मोठ्यानं बोलत नव्हतं.

मी काय करते ते आधी सांगून टाकते. 'सेंद्रिय पदार्थ बनवते' म्हटलं की समोरचा विचारतो, शेणखत का? मग सांगावं लागतं, बाबा रे, रसायनशास्त्रातलं सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या रेणूंचं. त्यातल्या काही रेणूंवर उजेड टाकून दिवा विझवला, तरी ते थोडा वेळ उजळत राहतात. पुस्तकात त्याला स्फुरदीप्ती म्हणतात. महागडे धातू मिसळले की हे काम सोपं होतं. धातू न घालता, गोठवून न ठेवता, खोलीच्या साध्या तापमानाला नुसत्या कार्बनच्या रेणूंकडून ते करून घ्यायचं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. उपयोग काय, तर हा उजेड भारी नाजूक. हवा लागली, ओल लागली की मरतो. म्हणून तो जिथे मेला तिथे ओल शिरली असं समजायचं. औषधाची बाटली, धान्याचं पोतं, जिथे ओल घात करते तिथे असा एक तुकडा ठेवायचा आणि त्यालाच विचारायचं, बाबा, आत सगळं ठीक ना?

स्फुरदीप्ती हा शब्द आमच्या घरात कोणाच्या जिभेवर बसला नाही. अम्मीनं पहिल्यांदा तो उजेड बघितला आणि लगेच म्हणाली, "म्हंजे शिळा उजेड, गो." रात्रीची तांदळाची भाकरी सकाळी चहाबरोबर खाल्ली की ती शिळी, तसा दिवा गेल्यावर उरलेला हा उजेड शिळा. मी पुढे मोठमोठ्या सभांतून यावर बोलले, इंग्रजीतून बोलले, पण डोक्यात शब्द अम्मीचाच असायचा. शिळं म्हणजे टाकाऊ असं आमच्याकडे कोणी मानत नाही. उलट अब्बांना शिळीच भाकरी जास्त आवडायची.

तर मी तेव्हा मुंबईत पीएचडी करत होते. हॉस्टेलचं पाणी बाधलं, काविळीनं डोळे हळदीसारखे झाले आणि गाइड सरांनी मला घरी पिटाळलं. जाताना मी सॅम्पलच्या बाटल्या कपड्यांच्या घडीत लपवल्या. काविळीत माणसानं पडून राहावं, उसाचा रस प्यावा आणि नातेवाइकांचे सल्ले ऐकावेत अशी रीत आहे. रस मी प्यायले. बाकीचं जमेना. आणि त्याच आठवड्यात दरड येऊन कशेडी बंद पडली.

आमची एकच गाडी, नारिंगी तोंडाचा ट्रक. अब्बा तिचे मालकही आणि ड्रायव्हरही. महाडहून माल भरायचा, पोलादपूर मागे टाकायचं, कशेडी चढायची, खेड-चिपळूणला उतरवायचा. घाट बंद म्हणजे अब्बा बेकार. क्लीनर वरंधला आपल्या गावी भातलावणीला निघून गेला. गाडी अंगणात उभी. रिकाम्या हौद्यात तळं साचू नये म्हणून अब्बांनी आडवे बांबू टाकून वर ताडपत्री ओढली आणि चारही बाजूंनी दोर आवळले. मग ते गाडीभोवती फिरत बसले. दोर तपासायचे, पुन्हा आवळायचे, टायरला लाथ मारायची, आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटायचं. अम्मी म्हणायची, "गाडी बंद झाली की हा माणूस सोसवत नाय बग. ह्याला पण बांधून ठेवायला पायजे."

आणि मला अंधार हवा होता. शिळा उजेड बघायचा तर गच्च अंधार लागतो, आणि आमच्या घरात तो दिवसा कुठेच नव्हता. मोरीला काचेचं कौल, कोठीला फटी, आणि जिथे दार लावीन तिथे अम्मी लसूण घ्यायला यायची. मी एकदा सहज गाडीच्या मागच्या फाळक्यावर चढून ताडपत्रीखाली शिरले आणि जिवाला बरं वाटलं. आत असा काळोख की आपला हात आपल्याला दिसेना. वर पावसाचा ताशा, खाली फळ्यांना डिझेलचा आणि जुन्या गोण्यांचा वास. महाडात भर दुपारी मला माझी डार्करूम सापडली. भाडं नाही, वीज नाही, फक्त डास होते.

दिवा इस्माईलचाचांनी दिला. चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ. मस्कतला ट्रेलर चालवायचे, नव्या व्हिसाची वाट बघत घरी बसले होते. तिकडून येताना त्यांनी नोटा तपासायचा निळा दिवा आणला होता, कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. "ले बेटा, कोणाच्या तरी कामाला आला," म्हणाले. राहिला प्रश्न रेणूंना पकडून ठेवायचा. सरांनी सांगितलं होतं, काचेसारख्या घट्ट गोष्टीत बसव. मी साखर घेतली. पाक कडक होईपर्यंत आटवायचा, त्यात चिमूटभर सॅम्पल, आणि ताटलीत ओतून थंड करायचं. पिवळसर काचेचे तुकडे होतात. पहिले दोन-तीन घाणे करपले आणि घरभर वास सुटला. ज्या पळीनं मी हे उद्योग केले, तिला अम्मीनं पुन्हा स्वयंपाकात घेतलं नाही. ती अजून माझ्याकडे आहे.

अब्बांना मी त्यांच्या भाषेत समजावलं होतं. म्हटलं, उजेड खाऊन रेणू वरच्या पायरीवर चढतो. बहुतेक लगेच खाली येतात. एखादा चुकून अशा पायरीवर जातो की तिथून उतरायला सरळ वाट नाही. तो तिथे बसून राहतो आणि सावकाश उतरतो, तोच हा शिळा उजेड. पण त्याला मधे धक्के बसले, तो हलला, तर त्याची सगळी ताकद हलण्यातच जाते, उजेड काही निघत नाही. म्हणून गच्च बांधायचं. अब्बा हसले. "म्हंजे तू पण माल बांधतेस की गो. माल हलला की गेला." मी म्हटलं, अगदी तसंच. त्या दिवसापासून अब्बा गावात सांगू लागले, आमची नसीमा पण ट्रान्सपोर्टमध्येच आहे.

मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हतं. होती ती घरची माणसं. आत शिरायचं, गोण्यांवर टेकायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्पा मारायच्या. मग मी निळा दिवा तुकड्यावर धरायची आणि बंद करायची. बघणाऱ्यानं उजेड दिसतोय तोवर "हाय, हाय, हाय" म्हणायचं आणि गेला की "नाय". अम्मीचं "हाय" झटपट, जात्यातून दाणे पडल्यासारखं. चाचांचं लांबलचक, मस्कतच्या रस्त्यासारखं. म्हणून अम्मीचे आकडे वेगळे आणि चाचांचे वेगळे धरावे लागायचे. शास्त्राच्या दृष्टीनं हा सगळा आनंदच होता. पण अम्मी अंधारात रमायची. डोळे सरावेपर्यंत ती मला लग्नाआधीच्या गोष्टी सांगायची, ज्या तिनं उजेडात कधी सांगितल्या नसत्या. एकदा शेजारच्या भाभी छत्री घेऊन फाटकात थबकल्या. गाडीतून नुसतं "हाय हाय हाय" ऐकू येत होतं. त्या ओरडल्या, "काय गो, कोणाचा मोर्चा हाय आत?" अम्मी इतकी हसली की त्या तुकड्याचा आकडा वाया गेला.

अब्बा मात्र आत येत नव्हते. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणून बाहेरच दोर चाचपत राहायचे. मला वाटायचं, कामाशिवाय बसलेल्या माणसाचा तो रुसवा असेल.

मग एका दुपारी माझ्याच कौतुकानं मी त्यांना ओढून आत नेलं. फळी धरून, पाय चाचपत ते आले, स्टेपनीला गुडघा आपटला, शिवी गिळली. त्या दिवशी माझ्या तुकड्यांना घाम फुटला होता. साखरेनं रात्रभर ओल ओढली होती, बोटाला चिकटत होतं सगळं. मी दिवा धरला, बंद केला. काहीच नाही. अम्मी म्हणाली, "नाय. कायच नाय, गो." मी हिरमुसले. आणि तेवढ्यात अंधारातून अब्बांचा आवाज आला, अगदी अम्मीच्या चालीवर : "हाय, हाय, हाय, हाय… नाय." आणि वर म्हणाले, "काय मस्त दिसला, गो!"

मला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. पोरीचं मन राखायला माणूस किती खोटं बोलतो! अम्मी मात्र हसली नाही. ती उठली आणि अब्बांचा हात धरून त्यांना फाळक्याकडे घेऊन गेली.

संध्याकाळी सरांचा फोन आला. मी रडगाणं गायलं : सर, सगळे तुकडे ओलीनं मेले. सर शांतपणे म्हणाले, "मेले ते फेकू नकोस. आपल्याला ओलच तर ओळखायची आहे. कुठे बिघडतं ते बघ, तीच माहिती." फोन ठेवला तेव्हा समोर अम्मी बॅटरी घेऊन उभी होती. अब्बांना मगरिबच्या नमाजाला जायचं होतं आणि ती त्यांच्या पुढे निघाली होती, फाटकापर्यंत. मशिदीची वाट अब्बांच्या जन्मापासूनची. तिथे चिखल असतो म्हणून अम्मी बॅटरी दाखवते, असं मी कितीतरी दिवस बघत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुपारी तिथे काहीच नव्हतं. अब्बांनी जे बघितलं असं म्हटलं, ते बघायला तिथे काही नव्हतंच. म्हणजे असतं तेव्हाही त्यांना दिसत नसेल.

तरी मन मानेना. दुसऱ्या दिवशी मी नवा पाक केला, तुकडे डब्यात तांदूळ भरून कोरडे ठेवले आणि अब्बांना पुन्हा बोलावलं. हा तुकडा चांगला निघाला. हिरवट, मऊ उजेड, डोळ्यांत मावेल एवढा. मी बघत होते, आणि तो असतानाच अब्बा म्हणाले, "हाय, हाय… नाय." तो उजेड माझ्या तळहातावर अजून होता आणि शेजारी माझे अब्बा त्याच्याकडे तोंड करून बसले होते. त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी मला परीक्षेतसुद्धा कधी वाटली नाही. मला कशेडी दिसत होती. ढग उतरलेला, वायपर खरडतोय, समोरून दिव्यांचा डिपर मारत येणारा कंटेनर, आणि स्टिअरिंगवर हा माणूस.

भांडी घासताना मी अम्मीला विचारलं. ती राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "मला ठाव हाय. आज नाय, दोन पावसाळे झाले."

"आणि तू बोलली नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली. दिवसा दिसतंय गो त्यांना. दिवस कलला की जातंय. म्हणून तर हल्ली गाडी पोलादपूरला लावतात नि फजर होऊन उजाडलं की घाट चढतात. लोकांना सांगतात, माल उशिरा भरला. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर गाडी कोण चालवील, सांग?"

"इस्माईलचाचा आहेत की. लायसन आहे, हात आहे."

अम्मीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अजून पाळण्यात आहे. आमच्या घरात चावी कोणी मागत नाही. आजोबांनी अब्बांना ती स्वतःहून दिली होती, मागितली असती तर कानाखाली बसली असती. धाकट्यानं थोरल्याकडे चावी मागायची म्हणजे, भाई तू संपलास, असं तोंडावर सांगायचं. चाचांना सगळं कळत होतं. ते रोज गाडीची काच पुसायचे आणि चावीकडे बघायचेही नाहीत. आणि अब्बा ऐकतील अशा बेतानं म्हणायचे, "कशेडी म्हंजे भाईच. मस्कतके सीधे रोडवाल्याचं काम नाय." दोघं भाऊ एकमेकांची अब्रू राखत होते आणि तिकडे घाटात माती उपसायचं काम चालू होतं. रोज कोणीतरी खबर आणायचं : अर्धी उपसली, आता एक बाजू सुटेल. बाकीचं महाड घाट सुटायची वाट बघत होतं. मी, खोटं कशाला बोलू, अजून एक दरड यावी म्हणून दुआ मागत होते.

पुढे खूप वर्षांनी मी डोळ्याबद्दल वाचलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की डोळ्याच्या पडद्यातही एक असाच कार्बनचा रेणू बसलेला असतो. धातू नाही, काही नाही. एरवी वाकडा, उजेडाचा कण आला की तो सरळ होतो, आणि तेवढ्या सरळ होण्यावर आपल्याला दिसतं. आम्ही जे घडवायला धडपडतो ते सगळ्यात साधं, सगळ्यात हुशार सॅम्पल प्रत्येकाच्या डोळ्यात फुकट आहे. अब्बांच्या पडद्याच्या कडेच्या, अंधारात बघणाऱ्या पेशी एकेक करून विझत होत्या. नंतर डॉक्टरांनी नाव सांगितलं, भलंमोठं. औषध नाही म्हणाले. मी घरी बसून ओल ओळखणारा तुकडा बनवत होते आणि त्या तुकड्यानं ओळखलं ते हे. सर म्हणाले ते खरंच होतं, बिघडतं तिथेच माहिती. पण ती माहिती घेऊन एका माणसाकडे जायचं कसं, ते कुठल्या गाइडनं सांगितलेलं नाही.

आजही माझे विद्यार्थी निष्काळजीपणे "सॅम्पल डेड आहे, मॅडम" म्हणतात तेव्हा मी जरा थांबते. यंत्राच्या पडद्यावर उजेड उतरत जाणारी रेघ उमटते, सुंदर, हळूहळू झिजणारी. आमचे आताचे स्फटिक चांगले रेंगाळतात, साखरही लागत नाही. त्या रेघेकडे बघताना माझे ओठ हलतात असं माझी एक विद्यार्थिनी म्हणते. "मॅडम, तुम्ही काय पुटपुटता?" काय सांगू तिला? मी "हाय, हाय" म्हणत असते.

तर, घाट सुटला. भरदुपारी फाटकातून कोणीतरी मोटरसायकल न थांबवताच ओरडत गेलं, "सुटला रे घाट!" आणि अब्बा असे उठले जसे त्यांच्याच अंगावरची दरड कोणी उपसली. बिरवाडीला माल तयार होता. लगेच भरला तरी पोलादपूरला पोचेस्तोवर दिवस कलणार. आणि या खेपेला रात्रभर तिथे थांबायचं नव्हतं, कारण सगळ्यांच्या गाड्या एकदम सुटणार, जो आधी जाईल त्याला परतीचा माल. अब्बांनी पायजमा खोचला आणि दोर सोडायला घेतले. चाचा चाकामागचा दगड काढायला वाकले. अम्मी ओट्यावर डबा बांधत होती. कोणीही कोणाकडे बघत नव्हतं.

मी पुढे झाले. मला भाषण करायचं होतं, तयारही केलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच : "अब्बा, दोर सोडायच्या आधी एकदा बघून जा. हा सगळ्यात चांगला निघालाय."

"आता? आल्यावर बघू की गो."

"आल्यावर ताडपत्री नसेल ना."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग दोर टाकून फाळका चढले. फळी धरून, पाय चाचपत. आम्ही गोण्यांवर बसलो. डोळे सरावेपर्यंत बसायचं असतं, बसलो. वर पाऊस होता. अब्बांच्या अंगाला बिडीचा आणि खोबरेलाचा वास येत होता. लहानपणी मी या वासात कितीतरी घाट झोपून पार केले होते. मी दिवा धरला. बंद केला.

तुकडा उजळला. इतका छान उजळला की माझ्या बोटांच्या रेषा दिसत होत्या. अब्बांनी "हाय" म्हटलं नाही. मी थांबले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "हाय काय, गो?"

"हाय, अब्बा."

"अजून?"

"अजून हाय."

ते थोडे हलले. त्यांचा हात माझा हात शोधत आला, आधी गोणीवर, मग मनगटावर, मग तळहातावर, तुकड्यापाशी. तो उजेड त्यांच्या बोटांवर पडला. मला त्यांची तुटलेली नखं दिसली. त्यांना काही दिसलं नाही.

"मला नाय," अब्बा म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले, मोठ्यानं रडले. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले. "बस गो, बस. पाऊस काय कमी हाय काय, त्यात तुझी भर." थोड्या वेळानं ते उठले, चाचपत फाळक्यापाशी गेले आणि खाली उतरले. बाहेर त्यांनी दोर सोडले, ताडपत्रीची घडी घातली, नेहमीसारखी, कोपऱ्याला कोपरा. मग कमरेची चावी काढली.

"इस्माईल," ते म्हणाले, "धर. क्लच कडक हाय, सांभाळून."

चाचांनी दोन्ही हातांनी चावी घेतली आणि मान खाली घातली. अम्मी ओट्यावर डबा घेऊन तशीच उभी राहिली. अब्बा गाडीच्या पुढून वळसा घालून डाव्या, क्लीनरच्या बाजूला गेले. त्या बाजूनं ते कधी चढले नव्हते, पायरी कुठे आहे तेही त्यांना ठाऊक नव्हतं. दोनदा पाय घसरला. कोणी मदतीला गेलं नाही आणि ते बरंच झालं. चढले, दार ओढून घेतलं.

चाचांनी गाडी सुरू केली. फाटकापर्यंत मी बाजूनं चालत गेले. अब्बांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावर पाऊस, आणि हसू, रुसलेल्या पोराला मनवताना असायचं तसं.

"काय गो नसू, तुझा तो शिळा उजेड? अजून हाय काय?"

माझी मूठ मिटलेलीच होती. मी ती उघडली. पावसानं साखर विरघळून तळहात चिकट झाला होता, तुकडा कधीच संपला होता.

"हाय, अब्बा," मी ओरडले. "हाय!"